रांगेतल्या गोळ्या

डॉक्टरांनी ते संगिताला वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात सांगितलं, आणि बाकड्यावर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. तुमची बहीण औषध घेत नाही. घेत असती तर ही वेळ आलीच नसती. तुम्ही लोक बरं वाटलं की औषध टाकून देता आणि मग पोरीला अर्धमेली करून आमच्याकडे आणता.

डॉक्टर देसाई गुजराती होत्या. रुग्णालय गुजरातच्या हद्दीत असलं तरी तलासरी-डहाणूकडची माणसं सतत येत असल्यामुळे त्या मराठी बरी बोलत. ‘तुम्ही लोक’ हे शब्द तर त्यांनी अगदी स्वच्छ उच्चारले. संगिताच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ती तशीच आत गेली आणि खाटेवर पडलेल्या जयश्रीला म्हणाली, “तुला मरायचंय का?”

जयश्रीने भिंतीकडे तोंड फिरवलं. तिच्या हाताला रक्ताची पिशवी लावलेली होती. उशाशी बसलेली त्यांची आई, भिकी, वाटीतली पेज ढवळत होती. ती म्हणाली, “आता नको बोलू तिला काय.”

घर विवळवेढ्याच्या पलीकडे, हायवेपासून आत गेलेल्या एका पाड्यावर. बाप शुक्रा आणि आई भिकी थोडी भातशेती करायची, एरवी चिकूच्या वाड्यांवर मजुरीला जायची. संगिता बारावी होऊन तारापूरला एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला लागली होती आणि बोईसरला मैत्रिणींबरोबर खोली करून राहत होती. जयश्री धाकटी, दहावीला. तलासरीच्या अलीकडे एका संस्थेची निवासी शाळा होती, तिथे ती पाचवीपासून राहत होती.

आजार सुरू झाला तो आदल्या वर्षी. शौचाला रक्त पडायला लागलं, पण ते कुणाला सांगायचं कसं, म्हणून पोरीने बरेच दिवस कुणाला सांगितलंच नाही. सुट्टीत घरी आली तेव्हा तिचे गाल बसलेले आणि पंजाबी ड्रेस खांद्यावरून घसरत होता. जवळच्या खासगी दवाखान्यात आमांश म्हणून गोळ्या दिल्या, मग आणखी गोळ्या दिल्या. शेवटी संगिताने सुट्टी टाकली आणि तिला या मोठ्या रुग्णालयात आणलं. दुर्बिणीने तपासल्यावर कळलं की मोठ्या आतड्याला आतून जखमा झाल्यात. अल्सरेटिव्ह कोलायटिस. ते नाव संगिताने घोकून पाठ केलं. हा जंतूंचा आजार नाही, एकाचा दुसऱ्याला लागत नाही, कुणी काही खायला घातल्याने होत नाही. मुळापासून जात नाही, पण रोज गोळ्या घेतल्या तर गप्प बसतो. बरं वाटलं तरी गोळ्या थांबवायच्या नाहीत. एवढं सगळं डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं, आणि संगिताने बजावून बजावून जयश्रीच्या डोक्यात घातलं होतं. पोरगी दोन-तीन महिन्यांत भरली होती. शाळेच्या खो-खोच्या संघात परत गेली होती.

म्हणूनच संगिताला राग आवरत नव्हता. दर आठवड्याला ती शाळेच्या फोनवर विचारायची, आणि दर आठवड्याला जयश्री हो म्हणायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी, भिकी पाणी आणायला गेली असताना, जयश्री आपणहून बोलायला लागली. भिंतीकडे बघतच.

शाळेत मुलांना औषधं जवळ ठेवू देत नसत. सगळ्यांची औषधं वसतिगृहाच्या अधीक्षिका चुरी मॅडम यांच्या कपाटात. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी ऑफिससमोरच्या पडवीत रांग लागायची. सिकलसेलची पोरं त्यात असायची, फिट येणारी एक सहावीतली मुलगी असायची, आणि जयश्री. मॅडम नाव पुकारायच्या, गोळी हातावर ठेवायच्या, गिळेपर्यंत बघायच्या. जयश्रीची पाळी आली की विचारायच्या, “आज किती वेळा?” पलीकडे जेवणाच्या रांगेत मुलगे उभे असायचे. पहिल्या दिवशी जयश्रीने खरं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मुलग्यांनी तिचं नाव टमरेल ठेवलं. मग ते मुलींच्या तोंडीही बसलं. फळ्यावर कुणीतरी चित्रही काढलं.

त्यात मुलींच्या संडासांची तऱ्हा. रांगेतले निम्मे तुंबलेले, उरलेल्यांना कडी नाही, पाणी हापशावरून बादलीने न्यायचं. ऑफिसच्या मागे एक चांगला, फरशीचा संडास होता. त्याला नळ होता आणि कुलूप होतं. तो तपासणीला येणाऱ्या साहेबांसाठी. तास चालू असताना वर्गाबाहेर जायची परवानगी नव्हती. जयश्रीने परवानगी मागितली की वर्ग हसायचा. म्हणून तिने सकाळचं खाणंच सोडून दिलं. पोटात काही नसलं की जावं लागणार नाही, हा तिचा हिशेब. रिकाम्या पोटी गोळ्या घेतल्या की मळमळायचं. आणि तेव्हा तर तिला तसं बरंच वाटत होतं.

“मग मी मॅडमना सांगितलं, डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्यात.”

“आणि त्यांनी ऐकलं?”

“बरं झालं म्हणाल्या. माझं पाकीट मागच्या कप्प्यात टाकलं.”

संगिता तिच्याकडे बघतच राहिली. एका पंधरा वर्षांच्या पोरीने येऊन सांगितलं की माझा जन्मभराचा आजार संपला, आणि ज्या बाईच्या हवाली ती पोरगी होती तिने ना डॉक्टरला फोन केला ना घरी. बरं झालं म्हणाली. एक माणूस रांगेतून कमी झालं.

“मला का नाही सांगितलंस?” तिने विचारलं.

जयश्री आता तिच्याकडे वळली. “तू फोनवर एकच विचारायचीस. गोळी घेतली का. मी हो म्हटलं की ठेवून द्यायचीस. तो फोन ऑफिसात आहे, ताई. मॅडम समोर बसलेल्या असतात. मी काय सांगणार होते?”

संगिताने बहिणीच्या पायावरची चादर उगाच सारखी केली.

संध्याकाळी डॉक्टर देसाई राउंडला आल्या तेव्हा संगिताने त्यांना त्याच व्हरांड्यात गाठलं आणि तितक्याच मोठ्या आवाजात सगळं सांगितलं. रांग, टमरेल, कुलूप, सगळं. म्हणाली, “आम्ही लोक औषध टाकून देत नाही, मॅडम. आमच्या पोरीला औषध घेता येणार नाही अशी व्यवस्था लोकांनी केलेली असते. तुम्ही एकदा तरी तिला विचारलंत का, का नाही घेत म्हणून?”

डॉक्टर आत गेल्या, एक स्टूल ओढलं आणि जयश्रीच्या खाटेजवळ बसल्या. आजवर त्या उभ्यानेच बोलत आल्या होत्या, तेही संगिताशी नाहीतर शुक्राशी. आता त्यांनी जयश्रीला विचारलं की दिवसात अशी कुठली वेळ आहे, जेव्हा तुझ्याकडे कुणी बघत नसतं.

जयश्री विचारात पडली. असा प्रश्न तिला कुणी केला नव्हता. मग म्हणाली की रात्रीचं जेवण झाल्यावर मुली अंथरुणं घालतात, तेव्हा सगळ्या आपापल्या पेट्या उघडतात. तिची पत्र्याची पेटी आहे, कुलपाची.

“मग तेव्हाच घे,” डॉक्टर म्हणाल्या. “या गोळ्या दिवसातून तीन वेळा घ्यायलाच हव्यात असं नाही. सगळ्या एकदम, जेवणानंतर घेतल्या तरी चालतात. मी हे आधीच करायला हवं होतं. तू वसतिगृहात राहतेस हे मला माहीत होतं, पण तिथे कशी राहतेस ते मी विचारलं नाही.” आणि उठताना म्हणाल्या, “विसरलीस तर विसरले म्हणून सांग. नकोशा झाल्या तर तेही सांग. मी रागावले तरी सांग. खोटं सांगितलंस तर मी भलतंच औषध वाढवून बसेन.”

आतड्याची सूज उतरवायला काही आठवडे दुसऱ्या, जास्त कडक गोळ्याही होत्या. त्याने तोंड सुजेल, मुरुमं येतील, पण ते नंतर जाईल, हेही त्यांनी जयश्रीलाच समजावलं. संगिताचा त्यांच्यावरचा राग निम्मा उतरला. उरलेला निम्मा तिने शाळेसाठी राखून ठेवला.

जयश्रीला घरी आणल्यावर संगिता शुक्राला घेऊन शाळेत गेली. हायवेला येऊन जीप बदलली तेव्हा शुक्रा म्हणाला की जरा सांभाळून बोल, पोरीला अजून तिथेच राहायचंय. संगिता म्हणाली, ते राहण्यासाठीच चाललोय.

ऑफिसात जायच्या आधी ती मुलींच्या संडासांकडे गेली. एकेक दार ढकलून पाहिलं. शेवटच्यात तर भांड्यात विटा टाकलेल्या होत्या. मग ती ऑफिसच्या मागे गेली, ते कुलूप हातात धरून पाहिलं, आणि तशीच आत शिरली.

चुरी मॅडम दुष्ट दिसत नव्हत्या. चष्मा लावून त्या कडधान्याचा साठा तपासत बसल्या होत्या. त्यांनी शुक्राला बसायला खुर्ची दिली, जयश्री कशी आहे ते विचारलं. मग संगिता बोलायला लागली तसा त्यांचा चेहरा बदलत गेला. मुलांच्या हाती औषधं देता येत नाहीत, उद्या कुणी भलतंच काही केलं तर जबाबदार कोण, असं त्यांनी विचारलं. किती वेळा जावं लागतं हे विचारायचे ते काळजीपोटी. चांगला संडास मुलींना दिला तर आठवड्यात त्याचीही तीच गत होईल. आणि खरं सांगायचं तर, त्या म्हणाल्या, एवढा आजार असलेली मुलगी वसतिगृहात ठेवणं इतर मुलींच्याही दृष्टीने बरोबर नाही. काही लागण झाली तर? त्यापेक्षा तिने घरी राहावं, अभ्यास करावा, आणि पुढच्या वर्षी बाहेरून परीक्षा द्यावी. ते तिच्याच भल्याचं आहे.

एवढ्यात मुख्याध्यापक राऊत सर आले. त्यांनीही मान डोलावली. म्हणाले, तब्येत आधी, शाळा नंतर.

संगिताने फोन काढला, डॉक्टर देसाईंना लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी राऊत सरांना सांगितलं की या आजाराची लागण होत नाही. गोळ्या मुलीजवळ राहतील, कारण त्या तिच्या आहेत. आणि तिला लागेल तेव्हा, विचारल्याशिवाय, संडासला जाता आलं पाहिजे. कुणाच्या सांगण्यावरून औषध बंद होत नसतं, मुलीने स्वतः तसं सांगितलं तरी दवाखान्याला एक फोन करायचा असतो. त्या शांतपणे बोलत होत्या, पण फोनमधून ते छड्या मारल्यासारखं येत होतं.

चुरी मॅडम म्हणाल्या, “मुलीने स्वतः खोटं सांगितलं. दोष माझा कसा?”

“ती पंधराची आहे,” संगिता म्हणाली. “तुम्ही किती वर्षांच्या आहात?”

राऊत सर म्हणाले की हे अति होतंय, आवाज खाली करा. आणि शुक्राकडे वळून, समजूतदार माणसाशी बोलावं तसं, म्हणाले की तुम्हीच सांगा बाबा, या परिस्थितीत मुलीला घरी ठेवणं योग्य नाही का?

शुक्रा आतापर्यंत खुर्चीच्या कडेवर हात जोडून बसला होता. पाचवीला पोरीला इथे सोडलं त्या दिवसापासून तो या ऑफिसात असाच बसत आला होता. संगिताला वाटलं, आता बा मान हलवणार. कुणी साहेबाने विचारलं की तो नेहमी हलवायचा.

शुक्रा उठला. म्हणाला, “सर, तुमच्या साहेबाचं पोट आणि माझ्या पोरीचं पोट, देवाने एकाच मातीचं केलंय. साहेब वर्षातून एकदा येतो. पोरगी रोज इथे असते. कुलूप काढा. माझी पोरगी इथून जायची नाय.”

त्याचा आवाज चढलेला नव्हता. बोलून झाल्यावर तो पुन्हा बसला नाही, उभाच राहिला, आणि राऊत सरांना काय करावं ते कळेना. शेवटी ते म्हणाले की बघतो. संगिता म्हणाली की आज बघा, आम्ही थांबतो. ते दोघं पडवीत बसून राहिले. मधल्या सुट्टीत मुली येऊन लांबून बघून गेल्या. दुपार कलली तेव्हा शिपायाने येऊन कुलूप काढलं.

कुणी माफी मागितली नाही. विटा भरलेला संडास तसाच राहिला. जयश्री परत गेली तेव्हा चुरी मॅडम तिला म्हणाल्या, आता तू मोठ्या माणसांची, आम्ही काय बोलणार. रांग मात्र पडवीतून आत, खोलीत गेली. हे कुणामुळे झालं ते कुणी बोललं नाही.

जयश्रीचं तोंड सुजलं, मुरुमं आली. मुलग्यांनी नवीन नाव काढलं. पण गोळ्या ती घेत होती. रात्री पेटी उघडायची, पाण्याबरोबर एकेक गिळायची, पेटी लावायची. शेजारच्या अंथरुणावरची सुकी तिला तांब्या भरून द्यायला लागली. संक्रांतीच्या सुट्टीत घरी आली तेव्हा सगळ्यांबरोबर शेकोटीला बसण्याच्या नादात गोळ्या राहिल्या, एकदा नव्हे, सलग. तिने ते डॉक्टरांना स्वतःच फोन करून सांगितलं. संगिता शेजारी होती. डॉक्टर रागावल्या का, तिने विचारलं. जयश्री म्हणाली, हो, पण आधी विचारलं की घरी पेटी कुठे ठेवतेस.

शनिवारी संगिता आता फोन करायची तो सुकीच्या मावशीच्या मोबाइलवर. ती शाळेत स्वयंपाकाला होती. गोळीचा विषय कधी निघायचा, कधी नाही.

फेब्रुवारीत परीक्षा सुरू झाली. केंद्र त्यांच्याच शाळेत, पर्यवेक्षक मात्र बाहेरच्या शाळांचे. यंदा कॉपीवर कडक नजर होती. मुलींची झडती घ्यायला चुरी मॅडमना बसवलं होतं. आजार पुरता निवला नव्हता, आणि परीक्षेच्या धास्तीने पोट पुन्हा बिघडलं होतं. बीजगणिताच्या पेपरला जयश्रीच्या पोटात कळ आली. तिने हात वर केला. पर्यवेक्षक म्हणाले, पहिल्या तासात कुणी जायचं नाही. तिने पुन्हा हात वर केला. ते म्हणाले, संडासात काय ठेवून आलीस ते माहीत आहे आम्हाला, बस खाली.

वर्ग हसला नाही. सगळे पेपर लिहीत होते. जयश्री उभी राहिली. उत्तरपत्रिका मिटून तिने बाकावर पालथी ठेवली.

“मला आतड्याचा आजार आहे,” ती म्हणाली. “रक्त पडतं. मी चाललेय. झडती घ्यायची असेल तर बाईमाणसाला पाठवा.”

आणि ती चालू लागली. पर्यवेक्षक मागून काहीतरी ओरडत होते. त्यांनी चुरी मॅडमना तिच्यामागे धाडलं. मॅडम ऑफिसमागच्या संडासाच्या दाराशी उभ्या राहिल्या, आणि जयश्रीने दार उघडताच, तिला पाणी टाकू न देता, आत डोकावल्या.

जयश्रीने हे रात्री संगिताला फोनवर सांगितलं. मॅडमचं तोंड पांढरं पडलं होतं, म्हणाली. स्वतः बादली ओतली त्यांनी. मग माझ्याबरोबर वर्गापर्यंत आल्या आणि त्या सरांना म्हणाल्या, हिच्याकडे काही नाही, हिला वेळ वाढवून द्या. सरांनी नाही दिला. पण नंतर मॅडमनी मला चहा आणून दिला, ताई.

तिच्या आवाजात थोडं नवल होतं, थोडी दयाच म्हणावी असं काहीतरी. संगिता बोईसरच्या खोलीत भिंतीला टेकून उभी होती. तिला वाटलं होतं, हे ऐकून आपल्याला बरं वाटेल. उलट ती पेटून उठली.

“म्हणजे रक्त डोळ्यांनी बघितल्यावर पटलं,” ती म्हणाली. “तू सांगत होतीस तेव्हा नाही. डॉक्टर फोनवर सांगत होत्या तेव्हा नाही. बा हात जोडून बसला होता तेव्हा नाही. प्रत्येक पोरीने आता असं दाखवत फिरायचं का? आणि त्या सराचं नाव काय? मी उद्या येते. त्याला वेळ कसा देत नाही ते बघतेच.”

“तू येऊ नकोस,” जयश्री म्हणाली.

“का येऊ नको?”

“परवा भूमिती आहे. तू आलीस की दिवसभर भांडण होतं, माझं प्रमेय राहून जातं. मी सांगेन ना.”

संगिताला तोंडावर आलेलं गिळावं लागलं. तिने विचारलं की मग काय सांगणार आहेस.

जयश्रीने ठरवून ठेवलं होतं. पेपर सुरू व्हायच्या आधीच त्या सरांकडे जायचं, तिथे दुसरं कुणी असलं तरी. मला लागेल तेव्हा मी जाणार आणि तुम्ही मला अडवायचं नाही, असं सांगायचं. वाया गेलेल्या वेळेबद्दल राऊत सरांनी बोर्डाला कळवावं, असंही सांगायचं, आणि ते कळवेपर्यंत ऑफिसातून हलायचं नाही. बाने केलं तसं.

“आणि नाही ऐकलं तर?”

“तर मग ये,” जयश्री म्हणाली. पलीकडे सुकी तिला हाक मारत होती, अंथरुणं घालायची वेळ झाली होती. तिने घाईने विचारलं की समरूप त्रिकोणांचं तुला काही आठवतं का. संगिताला आठवत नव्हतं. ती म्हणाली, थांब, फोन ठेवू नको, आणि खोलीतल्या मैत्रिणींना विचारायला गेली.